एका सिलिंडरचा फरक : पडद्यावरची मारेकरी बाई मारामारी जिंकते कशी

पडद्यावर एक बाई जिन्यात तीन-चार पुरुषांना लोळवते आणि थिएटरात कोणीतरी हमखास म्हणतं, "काहीही दाखवतात!" दुसऱ्या एखाद्या सिनेमात तोच प्रसंग, तेवढीच बारीक बाई, तेवढेच आडदांड पुरुष, आणि तोच शेरा मारणारा माणूस खुर्चीच्या टोकाला येऊन बघत असतो. नायिकेच्या दंडांचा यात फारसा संबंध नाही. पहिल्या सिनेमात फाइट मास्टरने वजनाचा हिशेब टाळलेला असतो आणि दुसऱ्यात केलेला असतो.

हा हिशेब साधा आहे. नायिका साधारण ५५ किलोंची, समोरचा ८५ किलोंचा. मधला फरक ३० किलो, म्हणजे घरातला एक भरलेला गॅस सिलिंडर. बॉक्सिंगमध्ये खालच्या गटांत दोन-चार किलोंनी गट बदलतो, इथे तर अख्खा सिलिंडर आडवा आला आहे. ठोशात जोर येतो तो मुठीमागच्या शरीराच्या वजनातून आणि वेगातून. वजन कमी असेल तर वेग वाढवता येतो, पण मूठ शेवटी लहान हाडांची असते. हातमोज्याशिवाय कवटीवर जोरात ठोसा मारला तर करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडू शकतं, आणि ते मारणाऱ्याचं. म्हणून ज्या सिनेमात ५५ किलोंची नायिका समोरासमोर उभी राहून जबड्यावर ठोसे मारत सुटते, तिथे प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतंच.

मग ती जिंकते कशी? जाणते लोक तिच्या हातातला ठोसा काढून घेतात आणि तिथे कोपर, गुडघा, टाच आणतात. ही हाडं जाड असतात, आणि ती वापरायला जवळ जावं लागतं. जवळ गेलं की लांब हातांच्या माणसाचा फायदा संपतो. फटका बसतो तोही छातीवर किंवा पोटावर नाही. नरडं, कान, गुडघ्याची बाजू, पायाची बोटं अशा जागी, जिथे ८५ किलोंचा माणूसही ५५ किलोंच्या माणसाइतकाच नाजूक असतो. दुसरं म्हणजे त्याचं वजन त्याच्यावरच उलटवायचं. तो धावून आला की ती अडवत नाही, बाजूला सरते आणि त्याला आणखी पुढे ढकलते. या प्रकारच्या सिनेमांत मारामारी वारंवार जिन्यात, बाथरूममध्ये किंवा स्वयंपाकघरात होते ती यासाठीच. जिन्यावर तोल गेला की वजन हा तोटा होतो, आणि अरुंद जागेत तिघांना एकदम अंगावर येता येत नाही.

राहिल्या वस्तू. 'ॲटॉमिक ब्लाँड' (२०१७) हा १९८९च्या बर्लिनमध्ये, भिंत पडण्याच्या दिवसांत घडणारा सिनेमा. त्यातली शार्लीझ थेरॉनची ब्रिटिश हेर चालत्या मोटारीत पायातल्या टाचेच्या बुटाने मारते आणि एका घरात पाण्याच्या रबरी नळीने पोलिसांची अख्खी तुकडी आवरते. नियम असा, की हाताला येणारी वस्तू मारामारीच्या आधी एकदा तरी चौकटीत दिसलेली हवी. ऐनवेळी कुठूनतरी सुरी हातात आली की प्रेक्षकाला ती लेखकाने पुरवलीय हे कळतं.

मांड्यांनी मान पकडून गरकन फिरवून समोरच्याला जमिनीवर आपटायचा डाव आता जवळपास प्रत्येक नायिकेच्या नावावर असतो. तो मेक्सिकोच्या कुस्तीतून आलाय. दिसतं असं की तिने त्याला फेकला. खरं तर ती उडी मारून त्याच्या खांद्यावर बसते, तो तिला कमरेशी धरून सावरतो, आणि ती बाजूला झुकली की तो स्वतःच कोलांटी घेतो. ऐंशी टक्के काम पडणाऱ्याचं. तो पाव सेकंद उशिरा उडाला तर ती डोक्यावर आपटते आणि लवकर उडाला तर बाईने हवा मारल्यासारखं दिसतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा डाव आता अती झालाय. दिसायला देखणा आहे, पण त्याला कारण नसतं. जी बाई तेवढी उडी मारू शकते ती पळूनही जाऊ शकली असती.

दमणं हा अर्धा विश्वास

'ॲटॉमिक ब्लाँड'चा दिग्दर्शक डेव्हिड लीच मुळात स्टंटमन. त्यातल्या जिन्याच्या प्रसंगाचं सगळे कौतुक करतात ते तो एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसतो म्हणून. कौतुकाची खरी जागा त्याच्या उत्तरार्धात आहे. तिथे ती आणि समोरचा माणूस, दोघंही उभं राहू शकत नाहीत. ती भिंतीला धरून उठते, तो झोकांड्या खात येतो, एकेका फटक्यानंतर दोघं दम खातात. तिच्या चेहऱ्यावरची सूज पुढच्या प्रसंगांतही तशीच राहते. जिंकण्याची किंमत अंगावर दिसली की सिलिंडरचा हिशेब प्रेक्षक मान्य करतो.

असा लांब शॉट खरंच एका दमात घेतलेला नसतो. त्या प्रसंगात चाळीसच्या आसपास तुकडे जोडल्याचं त्या सिनेमाच्या लोकांनीच सांगितलंय. जोड लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: कॅमेरा झटक्यात वळतो तेव्हाचा धूसर क्षण, भिंतीचा कोपरा, लेन्ससमोरून जाणारी काळ्या कोटाची पाठ. तुकडा संपतो त्या क्षणी कॅमेऱ्याची उंची, लेन्स, वळण्याचा वेग आणि उजेड जसा होता तसाच पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला लागतो. एवढं सांभाळूनही जोड उघडा पडतो तो भलत्याच गोष्टींनी. कपाळावरच्या रक्ताचा ओघळ बोटभर सरकलेला असतो, कानामागे गेलेली बट पुढे आलेली असते, किंवा धापा टाकणारी नायिका पुढच्या तुकड्यात अगदी ताजीतवानी असते. म्हणून मेकअपवाल्यांकडे जखमांचा टप्प्याटप्प्याने काढलेला फोटोंचा तक्ता असतो, आणि नटीला शॉटआधी जागच्या जागी पळवून दम लावला जातो.

त्याच वर्षी आलेल्या 'द व्हिलनेस' या कोरियन सिनेमाने उलटा रस्ता धरला. सुरुवातीची काही मिनिटं आपल्याला मारेकरीण दिसतच नाही. तिच्या डोळ्यांतून फक्त तिचे हात, हत्यार आणि पडणारी माणसं दिसतात. मग व्यायामशाळेसारख्या खोलीत तिचं डोकं आरशावर आपटलं जातं, आरशात तिचा चेहरा दिसतो आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांतून निघून बाहेर येतो. आतापर्यंत हे सगळं एक बाई करत होती हे प्रेक्षकाला तेव्हा कळतं, आणि तोवर वजनाचा प्रश्न मनात येऊन गेलेलाच नसतो. दिग्दर्शक जुंग ब्युंग-गिलचं प्रशिक्षणही स्टंटच्या शाळेतलं. यातला धोका असा, की डोळ्यांतून दिसणारं दृश्य फार वेळ ताणलं तर ते व्हिडिओ गेमसारखं होतं आणि काही जणांना गरगरतं. आरशाचा क्षण योग्य वेळी आला म्हणून ते तरलं.

तालीम: आधी पडायला शिका

नटीला तीन महिन्यांत कराटे येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नसते. तिला लागतात ठरावीक हालचाली आणि समोरच्याला न दुखावता त्या करायची सवय. तालमीचा क्रम साधारण सगळीकडे सारखाच. पहिल्यांदा पडणं: हनुवटी छातीला, श्वास बाहेर, तळहात आणि अख्खा हात मॅटवर एकदम आपटायचा म्हणजे धक्का विभागला जातो. मनगट टेकून पडायची सवय असेल तर ती आधी मोडावी लागते, कारण तिथेच हाड जातं. मग पावलं. नंतर अंतर. शेवटी सहा ते दहा हालचालींचे तुकडे, जे नाचाच्या स्टेप्ससारखे आकड्यांवर बसवतात. पाव वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण. पूर्ण वेग कॅमेऱ्यापुरता ठेवलेला असतो.

घोटाळा होतो तो 'ॲक्शन' म्हटल्यावर. अंगात रक्त उसळतं, नटीचा वेग नकळत वाढतो, समोरचा मात्र तालमीच्या वेगाने मान वळवतो आणि ठोसा खरंच बसतो. म्हणून प्रत्येक तुकड्याआधी दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून तयार असल्याची खूण करायची असा दंडक असतो. 'ॲटॉमिक ब्लाँड'च्या तयारीत थेरॉनचे दोन दात तडकले, आणि तेही कोणाच्या ठोशाने नव्हे. जोर लावताना ती दात आवळत होती. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास सोडत राहायचं, ही सूचना तालमीत शंभरदा दिली जाते ती उगाच नाही.

तालीम चालू असतानाच स्टंटची टीम पुठ्ठ्याची खोकी मांडून जिना, टेबल, दार तयार करते आणि सगळी मारामारी साध्या कॅमेऱ्याने चित्रित करून संकलित करते, आवाजासकट. दिग्दर्शक हे कच्चं चित्रीकरण बघून ठरवतो की कोणता फटका ठेवायचा. हा टप्पा वगळला की सेटवर रोज नवं काहीतरी सुचतं आणि संकलनात एका मारामारीचे दीडशे तुकडे होतात. कोण कोणाला मारतंय हे न कळणारी, कॅमेरा हलवत राहणारी मारामारी बघितली की समजावं, तालमीला दिवस मिळाले नाहीत.

न लागलेला ठोसा लागल्यासारखा दाखवायचं गणित सोपं आहे. कॅमेरा, मूठ आणि चेहरा एका रेषेत हवेत. मूठ चेहऱ्यापासून वीतभर लांबून जाते, पण कॅमेरा खांद्यामागून बघत असेल तर ते अंतर दिसत नाही. लांब फोकसची लेन्स लावली तर आणखी झाकलं जातं. कॅमेरा बाजूला गेला की वीतभर पोकळी उघडी. वेग कमी वाटला तर सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेम घेतात. दाखवताना ते साधारण ९ टक्के वेगवान दिसतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. २० वर गेलात तर वेग २० टक्के वाढतो, आणि तिथे मोकळे केस व घेरदार कपडे चुगली करतात, कारण ते गुरुत्वाकर्षणापेक्षा लवकर खाली येऊ लागतात.

कपड्यांचा जाच

या सिनेमांत सगळ्यात अन्याय होतो तो स्टंट करणाऱ्या बाईवर, आणि कारण असतं कपडे. पुरुष नायकाच्या सूटखाली कोपराचे, गुडघ्याचे, पाठीचे जाड पॅड सहज मावतात. मारेकरीण मात्र बिनबाह्यांच्या, पाठ उघडी असलेल्या पोशाखात पार्टीत शिरलेली असते. जिन्यावरून पडायचं दोघांनाही तितकंच. मग पातळ जेलचे पॅड त्वचेच्या रंगाच्या मोज्यांखाली लपवतात, नाहीतर सरळ उघड्या गुडघ्यांवर पडतात. पाठीला केबल लावायची असेल तर हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, दिसतो, म्हणून केबल कमरेच्या दोन बाजूंना घेतात आणि पोशाखाच्या शिवणीत चिरा ठेवतात. त्यामुळे एकच पोशाख अनेक प्रतींत शिवावा लागतो: कोरा, मळलेला, फाटलेला, रक्ताचा, केबलच्या चिरांचा, आणि हे सगळं डबलच्या, म्हणजे नटीऐवजी स्टंट करणाऱ्या बाईच्या, मापातही. उंच टाचा पाय चौकटीत असेपर्यंतच. पाय चौकटीबाहेर गेले की रबरी तळाचे सपाट बूट. उंची मग तीन-चार इंचांनी कमी होते, ती लक्षात ठेवून कॅमेरा लावला नाही तर नायिका कटमध्ये बुटकी होते.

विगचा इतिहास तर वेगळाच. बाईचा स्टंट पुरुषाने विग घालून करायचा, ही रीत हॉलीवूडमध्ये होती तशी मुंबईतही होती. खांद्यांची रुंदी आणि धावण्याची ढब यांवरून तो ओळखू येतो. जुने सिनेमे थांबवून बघितले तर सहज सापडेल. मुंबईत त्याला अपवादही फार लवकर घडला. १९३५च्या 'हंटरवाली'त वाडिया बंधूंच्या कंपनीची नादिया स्वतःचे स्टंट स्वतः करत होती. पुढे 'शोले'त (१९७५) हेमा मालिनीच्या जागी टांगा उधळला तो रेश्मा पठाण यांनी.

बाहेर पडायची वाट

मारामारी कितीही चांगली बसवली तरी तिच्याआधी पटकथेत एक गोष्ट व्हावी लागते: योजना बिघडावी लागते. फ्रेंच दिग्दर्शक ल्युक बेसॉंच्या 'निकिता'ने (१९९०) याचा साचा घालून दिला. तुरुंगातून उचलून सरकारी मारेकरी बनवलेल्या पोरीला तिचा वरिष्ठ वाढदिवसाला पॅरिसच्या उंची रेस्तराँमध्ये नेतो. भेटीच्या खोक्यात निघतं डेझर्ट ईगल पिस्तूल. अमुक टेबलावरच्या माणसाला मार आणि स्वच्छतागृहाच्या खिडकीतून पळ, असं सांगून तो निघून जातो. ती माणूस मारते, खिडकी उघडते, आणि खिडकीमागे विटांची भिंत. तिथून पुढची झटापट स्वयंपाकघरातून कचऱ्याच्या नळकांड्यापर्यंत जाते. ते पिस्तूल रिकामंच दोन किलोंच्या आसपास भरतं, त्यामुळे बारीक मनगटाच्या बाईच्या हातात ते अवजड दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. ती सफाईने मारत नाही, घाबरून मारते. पुढे याच गोष्टीचे हाँगकाँग आणि अमेरिकेत अवतार निघाले, दोन टीव्ही मालिका झाल्या. हिंदीत १९९९मध्ये 'कारतूस' आला, आणि त्यात निकिताच्या जागी संजय दत्त! बाईच्या वजनाचा प्रश्नच आपण मुळापासून मिटवून टाकला. पुढे 'बेबी'त (२०१५) तापसी पन्नूने हॉटेलच्या खोलीत एका धिप्पाड माणसाशी दिलेली लढत लोकांना इतकी भावली, की तिच्या पात्रावर 'नाम शबाना' (२०१७) हा वेगळा सिनेमा निघाला.

बंदुकीच्या बाबतीत दोन थापा कायम चालतात. पहिली सायलेन्सरची. पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सर त्यातून साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. उरतो तो १३०च्या घरातला, कानाला दुखेल इतका आवाज. शेजारच्या टेबलावर कळणारही नाही असा 'फुस्स' आवाज फक्त साउंड स्टुडिओत असतो. दुसरी थाप गोळी लागून दहा फूट मागे उडण्याची. गोळीत माणसाला उडवण्याइतका जोर असता तर झाडणाराही तितकाच मागे उडाला असता.

पडद्यावर मात्र माणूस उडतो, आणि ते काम असतं हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचं. हार्नेसला बांधलेली केबल ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मागे खेचतं. आधी माणसाच्या वजनाइतकी वाळूची पोती बांधून चाचणी घेतात, दाब ठरवतात, पोतं पडलं तिथे मॅट टाकतात. चूक होते ती केबल ढिली राहिली तर, कारण मग खेचताना हिसका बसतो आणि मान मागे जाते. किंवा पोशाख पाण्याने भिजून दोन-तीन किलो जड झाला आणि दाब तोच ठेवला तर माणूस मॅटच्या अलीकडे पडतो. 'किल बिल'मध्ये उमा थर्मनची स्टंट डबल होती न्यूझीलंडची झोई बेल. दुसऱ्या भागात शॉटगनच्या गोळीने मागे फेकलं जाण्याच्या स्टंटमध्ये तिच्या बरगड्यांना आणि मनगटाला दुखापत झाली.

नकली काडतुसंही निरुपद्रवी नसतात. गोळी नसली तरी नळीतून तप्त वायू जोरात बाहेर येतो आणि जवळून लागला तर जिवावर बेततं. १९९३मध्ये चित्रीकरण चालू असताना नट ब्रँडन ली गेला तो नळीत आधीच अडकून राहिलेला गोळीचा तुकडा नकली काडतुसाच्या दाबाने सुटल्यामुळे. ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत छायाचित्रकार हलिना हचिन्स हिचा मृत्यू झाला, कारण सेटवरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी होती. त्यानंतर अनेक निर्मात्यांनी झाडता येणाऱ्या बंदुकाच सेटवरून हटवल्या. आता गॅसवर मागेपुढे होणारी खेळण्यातली पिस्तुलं वापरतात आणि नळीतला जाळ नंतर संगणकावर टाकतात. यात नटीचं एक काम वाढलं. धक्का खोटा असल्यामुळे मनगटाची उसळी तिला स्वतः दाखवावी लागते आणि प्रत्येक झाडण्याला सारखीच दाखवावी लागते.

फटक्याचा आवाज

सेटवर मारामारी जवळजवळ मुकी असते. मॅटचा धप्प आवाज, फाइट मास्टरचे आकडे, बस्स. हाड मोडल्याचा कडकड आवाज सेलरी या भाजीचे कडक देठ मुरगळून काढतात, फटक्यासाठी जाड चामड्यावर किंवा कच्च्या मांसावर मारतात. इथेही वजनाचा हिशेब करावा लागतो: नायिकेच्या फटक्याला धबाधब जड आवाज लावला तर चित्र आणि आवाज भांडतात. तिचे आवाज कोरडे, तुटक, नेमके हवेत. ८५ किलोंचा माणूस जमिनीवर आपटतो तो आवाज मात्र खोल.

सगळ्यात जास्त बिघडतो तो श्वास. मारामारीतले हुंकार, धापा, दात-ओठ खाऊन काढलेला आवाज नटी नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत देते. खुर्चीत बसून दिलेला श्वास लगेच कळतो, म्हणून तिला उभं करून, उशी हातात आवळायला देऊन आवाज घेतात. प्रत्येक फटक्यावर किंचाळी टाकली की बाई मारतेय की मार खातेय ते समजत नाही. पोटातून सोडलेला छोटा, खालच्या पट्टीतला हुंकार पुरतो. परदेशी सिनेमा हिंदीत डब होताना संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक मिळतो, पण हे हुंकार पुष्कळदा इथल्या कलाकाराकडून नव्याने घेतात. घाईच्या कामात अख्खी दहा मिनिटांची मारामारी एका बैठकीत उरकली जाते. मग पडद्यावरची बाई भिंतीला टेकून कोसळत असते आणि तिचा आवाज नुकताच चहा घेऊन आलेल्या माणसाचा असतो.